बूटस्ट्रॅप की टेलविंड? क्लास लावण्याआधी एवढं कर

प्रश्न: मी सांगलीत बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात बूटस्ट्रॅप (वेबपानं सजवायचं तयार सीएसएस साधन) शिकवलं, पण इंटर्नशिपच्या जाहिरातींत टेलविंड हे तसलंच दुसरं साधन मागतात. बाबा टेलविंडच्या क्लासची फी भरायला तयार आहेत. भरावी का? बूटस्ट्रॅप काढलं तर मला साधा मेन्यूही एका ओळीत आणता येत नाही.

उत्तर: फी आत्ता भरू नका. तुझं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. खरी अडचण तिथे आहे आणि ती टेलविंडने सुटणार नाही.

दोन्हींत पानाच्या प्रत्येक भागाला तयार नावं लावून रूप देतात; या नावांना 'क्लास' म्हणतात. 'पी-४' हा क्लास दोन्हींकडे आहे. मूळ सेटिंगला हात लावला नाही, तर बूटस्ट्रॅपमध्ये त्याने चारही बाजूंना २४ पिक्सेल पॅडिंग (मजकूर आणि चौकटीची कड यांमधली मोकळी जागा) बसतं, टेलविंडमध्ये १६. क्लासची नावं पाठ केलेली मुलं इथे अडकतात. पॅडिंग म्हणजे काय हे जिला कळलंय, ती ब्राउझरमधलं इन्स्पेक्ट उघडून आकडा बघते आणि कामाला लागते.

बूटस्ट्रॅप शिकलीस ते वाया गेलेलं नाही. २०११ मध्ये ट्विटरमधून ते सगळ्यांसाठी खुलं झालं. बटणं, फॉर्म, मेन्यू तयार मिळतात. एखाद्या दुकानाचं अ‍ॅडमिन पॅनल दोन दिवसांत उभं करायचं असेल तर आजही मी तेच सुचवेन. त्रास होतो तो रूप बदलायला गेल्यावर. त्याच्या नियमांवर आपले नियम चढवताना मुलं ओळीओळीला 'इम्पॉर्टंट', म्हणजे 'माझाच नियम वरचढ', असं लिहीत सुटतात. असे प्रोजेक्ट पाहिले की मला वाईट वाटतं, कारण मेहनत दिसते पण समज दिसत नाही.

टेलविंड २०१७ मध्ये आलं. ते तयार बटण देत नाही, छोटे छोटे क्लास देतं. त्यामुळे डिझायनरने दिलेलं चित्र जसंच्या तसं उतरवता येतं, आणि वापरलेल्या क्लासपुरतंच सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) शेवटच्या फाइलमध्ये जातं. मात्र एका बटणावर दहा-बारा क्लास लटकतात. रिअ‍ॅक्टसारख्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत बटणाचा कंपोनंट (पुन्हा पुन्हा वापरता येणारा तुकडा) एकदाच केला की हे निभावतं. साध्या एचटीएमएलमध्ये तीच माळ दर पानावर ओवावी लागते. शिवाय त्यातला जवळजवळ प्रत्येक क्लास म्हणजे सीएसएसची एखादी ओळच. सीएसएस येत नसेल तर टेलविंड वाचताच येणार नाही.

म्हणून पुढचे सहा आठवडे निव्वळ सीएसएस कर: बॉक्स मॉडेल, फ्लेक्सबॉक्स, ग्रिड, मीडिया क्वेरी. तुझा मेन्यू फ्लेक्सबॉक्सच्या दोन-तीन ओळींत सरळ होईल. मग टेलविंडला हात घाल. त्याचं डॉक्युमेंटेशन फुकट आहे आणि फार चांगलं लिहिलंय.

सरावाला जवळच्या एखाद्या खानावळीचं मेन्यूकार्ड घे. तेच पान तीनदा बनव: आधी नुसत्या सीएसएसने, मग बूटस्ट्रॅपमध्ये, मग टेलविंडमध्ये. तिन्ही गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) ठेव. मुलाखतीत 'टेलविंड का?' असं विचारलं की हीच पानं उघडून दाखव.

३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर थाळीचा दर खाली घसरत नाही ना, तेवढं तपास आणि लिंक मला पाठव.