पाणीपट्टी वाढवल्याने दुष्काळात पाणी वाचेल का?

प्रश्न : आमचे शेत कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे. दुष्काळी वर्षात उन्हाळी आवर्तन (कालव्याला सोडलेली पाण्याची पाळी) आमच्या चारीपर्यंत, म्हणजे शेताला पाणी देणाऱ्या पाटापर्यंत पोचतच नाही. वरच्या भागात मात्र ऊस भिजत असतो. पाणीपट्टी तिप्पट केली की वरचे लोक आपोआप पाणी जपून वापरतील, असे एका बैठकीत ऐकले. हे खरे आहे का? (एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : आजच्या पद्धतीत तरी नाही. नमुना नंबर सात या पाणीमागणीच्या अर्जावर पाणी मागणाऱ्या शेतकऱ्याची पट्टी पीक, हंगाम आणि क्षेत्र पाहून हेक्टरी ठरते. त्याने वाफे बेताने भरले काय किंवा रात्रभर पाणी सोडून ठेवले काय, बिल तेवढेच येते. अशा पट्टीचा दर तिप्पट केला, तरी शेवटचा तास पाणी चालू ठेवण्याचा खर्च शून्यच राहतो.

मोजून दिलेल्या पाण्याचे गणित वेगळे असते. एक हेक्टर रान दहा सेंटिमीटर भिजवायला एक हजार घनमीटर पाणी लागते, आणि पट्टी त्या घनमीटरवर असेल तर वाया गेलेले पाणी बिलात दिसते. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना असेच मोजून पाणी देण्याची आणि संस्थेला पीक निवडीचे स्वातंत्र्य देण्याची तरतूद केली. दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर संस्थांनी हे करून दाखवले, आणि त्याची सुरुवात तुमच्यासारख्या टेलच्या शेतकऱ्यांनी केली, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

तरीही ऐन दुष्काळात एकट्या दरावर विसंबू नये, असे माझे मत आहे. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. एप्रिलमध्ये तो वाळू लागला की शेतकरी सांगाल तो दर मोजून तो वाचवतो, आणि भरडला जातो तो कमी ऐपतीचा शेतकरी. दराचा उपयोग लागवडीपूर्वी पीक ठरवताना होतो. टंचाईत हात आवरतो तो कोटा. ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग खोऱ्यात २००७-०८ मध्ये भाताचे क्षेत्र जवळजवळ नाहीसे झाले, कारण प्रत्येकाच्या वाट्याचे पाणीच कमी केले होते. भात न लावता आपला वाटा विकण्याची मुभा त्याच्या जोडीला होती.

आणखी एक अडचण विहिरींची आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे, त्यामुळे कालव्याचे पाणी महागले की उपसा भूजलाकडे वळणार, हे उघड आहे.

तेव्हा दरवाढीच्या आधी चारीच्या मुखाशी मोजमापाची मागणी करा. धरणातील १५ ऑक्टोबरचा साठा पाहून कालवा सल्लागार समिती आवर्तने ठरवते. साठा कमी असेल तर टेलच्या हिश्शाचा आकडा त्याच बैठकीत लेखी मागून घ्या, कारण उसाच्या पुढच्या लागणी त्यानंतरच होतात.