स्नोमोबाईलचा पट्टा जोरात फिरत असूनही चढावर गाडी का रुतते?

स्नोमोबाईल म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरणारा रबरी पट्टा असलेली बर्फावरची गाडी. परभणीच्या एका वाचकाने विचारलंय: गुलमर्गला एका सकाळी स्नोमोबाईलवाल्याने त्यांना मागे बसवून एक चढ सहज पार केला. रात्रभर बर्फ पडला आणि दुसऱ्या दिवशी त्याच चढावर, मीटर ६० दाखवत असताना, गाडी मध्येच रुतली. गाडी तीच, माणसं तीच, मग ताकद गेली कुठे?

सैन्यात वाहन मेकॅनिक असताना बर्फाळ भागात स्नो स्कूटर चालवणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम होतं. आता अहमदपूरला ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मीटरचं. स्नोमोबाईलचं मीटर बहुधा पट्टा फिरवणाऱ्या शाफ्टवरून वेग घेतं. म्हणजे ६० हा आकडा पट्ट्याचा होता, गाडीचा नव्हे. त्या वेळी जीपीएस लावून बघितलं असतं तर कदाचित १५ दिसले असते, आणि गाडी थांबल्यावर शून्य. पट्ट्याचा वेग आणि जमिनीवरचा वेग यांतला फरक म्हणजे घसरण. चढाचं सगळं गणित या घसरणीत आहे.

पट्ट्याला एवढा वेग येतो कसा, तेही बघा. इंजिनकडे एक क्लच, खालच्या बाजूला दुसरा आणि मधे रबरी बेल्ट असतो. गियर टाकावे लागत नाहीत, इंजिनचे फेरे वाढले की क्लच आपोआप उघडझाप करून प्रमाण बदलतात. समजा इंजिन मिनिटाला ८००० फेरे घेतंय, क्लचचं प्रमाण एकास एक झालंय आणि पुढे चेनवर २१ व ४९ दातांची चाकं आहेत. मग खालचा शाफ्ट मिनिटाला सुमारे ३४३० फेरे घेतो. त्याच्या चाकाला ७ दात आणि दोन दातांमधलं अंतर ३ इंच धरलं, तर एका फेऱ्यात पट्टा २१ इंच सरकतो. गुणाकार केला की ताशी ११० किलोमीटरच्या आसपास उत्तर येतं.

आता चढ. गाडी आणि दोन माणसं मिळून ३८० किलो धरू. ३० अंशांच्या चढावर निम्मं वजन, म्हणजे १९० किलो, गाडीला मागे खेचतं. ते ओढत ताशी ३६ किलोमीटरने वर जायला साधारण २५ हॉर्सपॉवर पुरतात. डोंगरासाठी बनवलेली आजची ८५० सीसीची टू-स्ट्रोक गाडी समुद्रसपाटीला १६५ हॉर्सपॉवरच्या घरात असते. उरलेली ताकद बर्फ दाबण्यात, ढकलण्यात आणि मागे उडवण्यात जाते. किती जाते, हे बर्फ ठरवतो.

पहिल्या सकाळी तुमच्या चढावर दाबलेला, रात्रीच्या थंडीने आवळलेला बर्फ असणार. असा बर्फ पट्ट्याच्या लगना, म्हणजे त्यावरच्या आडव्या रबरी उंचवट्यांना, आधार देतो. लग त्यात रुततो, बर्फ तुटत नाही आणि गाडी पुढे सरकते. इथे पट्टा जास्त फिरवून काहीच मिळत नाही. उलट पकड सुटते आणि पुढच्या स्की हवेत उचलल्या जातात. अशा बर्फावर हळू आणि एकसारखा गॅस हाच खरा मार्ग. मात्र अगदी काचेसारख्या कडक बर्फावर आणखी एक अडचण येते. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांना उडणारा बर्फच गार ठेवतो आणि वंगणाचं काम करतो. तो मिळाला नाही की त्या तापून वितळायला लागतात. इंजिनचं पाणीही तापतं, कारण बहुतेक गाड्यांत ते बोगद्यासारख्या मागच्या भागावर उडणाऱ्या बर्फानेच थंड होतं.

ताज्या कोरड्या बर्फाचं वागणं अगदी उलट. त्याचा घनमीटर ५० ते १०० किलोच भरतो, म्हणजे बराचसा भाग हवाच. लगला धरायला तिथे काही नसतंच. गाडी पुढे जाते ती बर्फ मागे फेकून. जितका बर्फ आणि जितक्या वेगाने मागे जाईल, तितका पुढचा रेटा. त्यामुळे खोल भुसभुशीत बर्फात पट्ट्याचा वेग हवाच. त्याने गाडी वर तरंगत राहते. पण तो चढाच्या पायथ्यापासूनच कायम हवा. मधेच दम सोडला, वेग कमी झाला आणि मग गॅस पिळला, तर पट्टा एकाच जागी खड्डा खणतो. खालचा बर्फ निघून जातो, गाडीचं पोट बर्फावर टेकतं आणि लग रिकाम्या जागेत फिरतात.

आपल्याकडे पावसात काळ्या रानात असंच होतं. शेतकरी फोन करून सांगतो, "अहो, चाक नुसतं गरागरा फिरायलंय, ट्रॅक्टर काय हालना." नांगरताना १०-१५ टक्के घसरण चालते, पण चाक फिरून फिरून अ‍ॅक्सल टेकला की इंजिन कितीही मोठं असलं तरी उपयोग नाही. फरक एवढाच की काळ्या मातीत आपण लगेच गॅस सोडतो आणि भुसभुशीत बर्फात सुरुवातीपासून वेग टिकवावा लागतो.

तुमची गाडी दुसऱ्या दिवशी बहुधा इथेच हरली. ती दाबलेल्या वाटेवर चालवायची असणार, डोंगरासाठीची नव्हे. दाबलेल्या वाटेवरच्या गाडीचा पट्टा साधारण १२० ते १३७ इंचांचा आणि लग इंच-सव्वा इंच उंच असतो. डोंगरावरच्या गाडीचा पट्टा १५४ ते १७५ इंच, लग अडीच-तीन इंच. त्यात वर दोन माणसं. उंचीही आडवी येते. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. गुलमर्ग २६५० मीटरवर आहे, म्हणजे पावभर ताकद घरीच राहिली. क्लचमधली फिरणारी वजनं हलकी लावल्याशिवाय इंजिन पूर्ण फेऱ्यांवर पोहोचतच नाही.

ओल्या, उन्हाने वितळायला लागलेल्या बर्फाबद्दल थोडक्यात: त्याचं वजन घनमीटरला ४०० ते ५०० किलोपर्यंत जातं. तो पट्ट्याला आणि स्कीला चिकटतो, गाडी ओढल्यासारखी वाटते. इथे ताकद हवी, वेग कमी चालतो. सकाळी तो घट्ट असतो आणि दुपारी चिखल होतो, म्हणून चढ सकाळीच उरकावा. साखरेसारखा मोकळा दाणेदार बर्फ मात्र सर्वांत वाईट. दाणे एकमेकांना धरत नाहीत, गॅस दिला की पट्टा सरळ खाली जातो.

गाडी रुतली की गॅस पिळत बसू नका. पट्ट्यासमोरचा बर्फ पायाने दाबून घ्या, नाक उताराच्या बाजूला वळवा आणि खाली उतरून पुन्हा सुरुवात करा. नाक वर ठेवून चढावर थांबायचं नाही. वेग संपतोय असं जाणवताच आधीच वळायचं.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं, म्हणजे स्नोमोबाईल चढवायला आवडतात तेच उतार. रात्रभर ताजा बर्फ पडला, त्यावर वारा आला, तर दुसऱ्या दिवशी तो चढ सर्वांत धोक्याचा. अशा दिवशी चढावर एका वेळी एकच गाडी जायला हवी आणि बाकीच्यांनी खाली बर्फ येऊन साचेल अशा जागी थांबू नये. वर एखादी गाडी रुतली तर तिला काढायला दुसरी गाडी मागोमाग पाठवू नका. प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं सिग्नल-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं हवं. संरक्षण खात्याची डीजीआरई संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. इशारा धोक्याचा असेल त्या दिवशी स्नोमोबाईलवाल्याला सपाटीवरच फिरवायला सांगा.