कोयता हातात घेणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलं येतात कुठून?

तुम्ही विचारलंय की पुण्यात कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्यांत इतकी अल्पवयीन पोरं का असतात, यात दोष आईबापाचा की ढिल्या कायद्याचा, आणि हे वेळीच रोखता येतं का. मी समुपदेशक आहे. अशा मुलांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत बरीच वर्षं काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. ही मुलं अनाथ, फुटपाथवर वाढलेली असतात असं लोकांना वाटतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं वेगळंच सांगतात: ताब्यात घेतलेल्यांपैकी बहुतेक मुलं आईवडिलांसोबत राहणारी असतात, आणि तीन चतुर्थांशांहून जास्त १६ ते १८ वयोगटातली. म्हणजे घर आहे. पण आई सकाळी सातला चार घरची कामं करायला बाहेर पडते, वडील रिक्षावर किंवा दारूत, आणि दहा बाय दहाच्या खोलीत वयात आलेल्या मुलाला दुपारभर बसायलाही जागा नसते. तो बाहेरच असणार. बाहेर त्याला कोण भेटतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

माझ्या अनुभवात गाडी घसरते ती नववीत. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण सहा ते चौदा वयापर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. तोवर मूल कसंबसं वर सरकत राहतं. नववीत गणित आणि इंग्रजी अंगावर येतं, तो नापास होतो, आणि दहावीच्या निकालाची काळजी असलेली शाळा पालकांना सुचवते, "दाखला काढा आणि १७ नंबरचा फॉर्म भरा." शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येणारा हा फॉर्म चांगली सोय आहे, पण त्या मुलाला घरी बसवून अभ्यास करून घेणारं कुणी नसतं. सकाळी उठून कुठे जायचं, हा प्रश्न त्या दिवसापासून सुरू होतो. कुठल्याही मुलाची माहिती घेताना मी पहिल्यांदा विचारते, शाळा कधी सुटली. पोलिसांत पहिली नोंद बहुतेक वेळा त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतली निघते.

ही रिकामी जागा वस्तीतला कुणीतरी 'भाई' बरोबर हेरतो. तो सुरुवातीला काहीच मागत नाही. गाडीवर मागे बसवतो, खायला घालतो, वाढदिवसाला कोयत्याने केक कापून त्याचं रील टाकतो. वर्गात ज्याचं नाव सरांनाही आठवत नव्हतं, त्याला आता चौकातली पोरं 'भाऊ' म्हणतात. पैशापेक्षा ही वट त्याला जास्त ओढते, हे मी खात्रीने सांगते. मग निरोप पोचवणं, कुणाचं तरी सामान एक रात्र घरात ठेवणं, आणि एक दिवस 'फक्त सोबत ये'. जोडीला गांजा किंवा व्हाइटनर असलं की भीती मरते. आणि भाई त्याला पटवून देतो, तू अठराच्या आतला आहेस, तुला काही होत नाही.

खरं तर कायद्याने त्या भाईलाच धरायला हवं. २०१५च्या बाल न्याय कायद्यात कलम ८३ आहे: मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५मध्ये मुलाकडून गुन्हा करवून घेणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षं आहेत. ही कलमं लागलेली मी फार क्वचित पाहिली. पोरं पकडली जातात, फोटो छापून येतो आणि मागचा माणूस पुढच्या महिन्यात नवी पोरं गोळा करतो. २०२३मध्ये पुण्यात कोयता विकताना आधार कार्ड बघायला सांगितलं गेलं होतं. हत्यारापेक्षा ते हातात देणाऱ्याच्या मागे लागावं, असं मला वाटतं.

कायदा ढिला आहे का? दिल्लीच्या २०१२च्या निर्भया प्रकरणानंतर तो बदलला. किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त आहे अशा निर्घृण गुन्ह्यात १६ वर्षांवरच्या मुलाची बाल न्याय मंडळ प्राथमिक चाचपणी करतं आणि खटला प्रौढासारखा चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. खुनाच्या प्रयत्नाला किमान शिक्षा सांगितलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालानुसार अशा गुन्ह्यात मुलाला प्रौढ धरता येत नाही. लोकांना हे खटकतं, मला त्यांचा राग कळतोही. ज्यांचा मुलगा वार लागून पडला, त्यांच्यासमोर 'मूल आहे हो' म्हणणं मलाही जमत नाही. पण सतरा वर्षांच्या पोराला पक्क्या गुन्हेगारांमध्ये टाकलं तर तो पंचविशीत कोण होऊन बाहेर येईल, याचाही विचार करायला हवा.

आणि हे फक्त वस्त्यांचं दुखणं नाही. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा सतरा वर्षांचा. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला आणि मोठी माणसं अटकेत गेली. जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर देश चिडला, ते योग्यच होतं. मात्र अशी महागडी गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात येते कशी, यावर त्यामानाने कमी बोललं गेलं. विनापरवाना अल्पवयीन मुलाने नुसती गाडी चालवली तरी पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, ही तरतूद २०१९पासून आहे. तरी आपल्या सोसायटीतला आठवीतला मुलगा स्कूटर काढतो तेव्हा आपण कौतुकानेच बघतो.

आता थांबवण्याबद्दल. माझ्या मते सगळ्यात वाया जाणारा काळ म्हणजे पहिल्या जामिनानंतरचे काही आठवडे. कायद्यात मुलाला जामीन हाच नियम आहे आणि तो बरोबर आहे. पण तो परततो त्याच गल्लीत, त्याच पोरांत, आणि आता 'आत जाऊन आलेला' म्हणून भाव वाढवून. परिवीक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे अशा मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने, घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल करायचा असतो. जो खरंच घरी जातो, आईशी बोलतो, शाळेत चौकशी करतो, त्याच्या हातून मुलं परत फिरलेली मी पाहिली आहेत. पण एकेका अधिकाऱ्याकडे इतकी प्रकरणं असतात की अहवाल टेबलावरच उरकला जातो. ही पदं भरा, वाढवा, यासाठी मोर्चे निघायला हवेत.

शिवाय संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेला पर्याय हवा. नागपुरात क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. मैदान, रोज ठरलेल्या वेळेला येणारा एक मोठा माणूस, आणि न आलास तर 'काल कुठे होतास' असं विचारणं, एवढ्याने टोळीची निम्मी गरज भागते. आपल्या वस्त्यांमधली मैदानं मात्र पार्किंग आणि मांडवांनी खाल्ली.

तुमच्या नात्यात किंवा शेजारी कुणाचा मुलगा पकडला गेला, तर घाबरून एजंटाला पैसे देऊ नका. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर उभं करावं लागतं, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. मंडळावर मॅजिस्ट्रेटसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांच्यासमोर आईने मोकळेपणाने बोलावं, शाळेची कागदपत्रं सोबत न्यावीत. मुलगा शाळेत परत जाणार असेल किंवा कुठे शिकाऊ म्हणून लागणार असेल तर ते लेखी दाखवावं, त्याचा उपयोग होतो. घरी आल्यावर त्याला मारू नका. मार खाल्लेला पोरगा रात्री त्याच भाईकडे झोपायला जातो.