थेरपीला मी कशाला बसू?

प्रश्न : माझी बहीण दोन वर्षामागं पावसात मातीची भिंत अंगावर पडून वारली. तिचा मुलगा तेव्हा तिच्या शेजारीच झोपला होता, आता आठ वर्षांचा आहे, माझ्याकडंच असतो, भावोजी गोव्याला कामाला. पत्र्यावर पाऊस वाजला की कॉटखाली जाऊन बसालाय, अंथरूण ओलं करालाय, माझ्या पोरीला मारालाय. बेळगावात डॉक्टरांनी थेरपी सांगितली पण दर आठवड्याला मी पण बसायचं म्हणे. मी काय केलंय? सासूबाई म्हणतात विषयच काढू नका, विसरेल तो.
– एक मावशी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलं म्हणून नाही हो बोलावत. पोरगं तिथं आठवड्यातनं तासभर असणार, बाकी सगळा वेळ तुमच्याजवळ, रात्री दचकून उठला तर उशाला तुम्हीच असणार ना, मग काय करायचं ते तुम्हाला पण शिकवायला पाहिजे की. अशा मुलांसाठी टीएफ-सीबीटी म्हणून थेरपीची एक पद्धत आहे, मनाला बसलेल्या धक्क्यावरची, साधारण 12 ते 16 बैठका, त्यात जवळजवळ निम्मा वेळ सांभाळणाऱ्या माणसाचाच असतो. पहिल्याच दिवशी भिंतीचं कोण विचारत नाही. आधी श्वास, अंग सैल सोडणं, भीती वाटली की पोटात छातीत काय होतं ते ओळखणं, मग हळूहळू चित्रातनं, गोष्टीतनं ती रात्र. शेवटी ती गोष्ट तो तुम्हाला वाचून दाखवतो, आणि तुम्हाला ती ऐकून घेता यावी म्हणून तुमचीही आधी तयारी करून घेतात.

सासूबाई मायेनंच म्हणतात, पण पाऊस त्याला दरवर्षी आठवण करून देणारच, आपण गप्प बसलो तर तो एकटाच त्यात अडकतो. मी आईला उठवलं असतं तर, असलं काहीतरी मुलं मनात धरून बसतात, आणि ते कुणीतरी ऐकल्याशिवाय खोडता येत नाही.

कॉटखालनं ओढून काढू नका. तुम्ही पण खाली बसा, हळू आवाजात "मी इथंच आहे" म्हणा. अंथरूण गुपचूप बदला. पोरीला मारलं तर हात धरून थांबवा, पण उलट मार नको. आणि थेरपिस्ट कन्नडच बोलत असतील तर मराठी येणारं कोण आहे का विचारा, बिलकुल लाजू नका, भीती आईच्या भाषेतच सांगता येते. मध्येच अडलं तर टेलि-मानस म्हणून सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, तिचा 14416 नंबर, फुकट, रात्रंदिवस, मराठीत पण बोलतात.

अजून एक. बहिणीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, थोरली की धाकटी ते पण नाही. तिच्यासाठी रडायला तुम्हाला वेळ तरी मिळाला का? पहिल्या बैठकीत आधी तिच्याबद्दल सांगा, भाच्याचं नंतर सांगितलं तरी चालतंय.