सी६ ची कमतरता निघाली? आधी एवढंच करा

ताई, लेकराला सी६ (रक्तातलं जंतूंशी लढणारं एक प्रथिन) कमी निघालं म्हणून खचू नका. माझ्या लेकीचं निदान होऊन आठ वर्षं झाली; ती शाळेत जाते, वावरातही येते.

एकच गोष्ट पक्की धरा: ताप आला की थांबायचं नाही. या लेकरांना मेनिंगोकोकसचा, म्हणजे मेंदूज्वर करणाऱ्या जंतूचा, धोका इतरांपेक्षा हजार पटींहून जास्त असतो. तापाच्या गोळीवर रात्र काढली, ही आमची पहिली चूक. नागपूर लांब असलं तरी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात लगेच न्या, निदानाचा कागद दाखवा. मान आखडली, अंगावर जांभळे ठिपके दिसले तर क्षणही घालवू नका.

- मेनिंगोकोकसची लस द्या, बूस्टरची तारीख लिहून घ्या. लस झाली तरी ताप अंगावर काढायचा नाही.
- सख्ख्या भावंडांचीही सीएच५० तपासणी करा; ही प्रथिनं नीट काम करतात का, ते या रक्ततपासणीत कळतं. प्रत्येकाला हीच कमतरता असण्याची २५ टक्के शक्यता असते. रक्ताचा नमुना उन्हात एसटीने पाठवू नका, बिघडतो.

जनुकांच्या तपासणीचं नंतर बघू.