मोत्याला ऐकू कमी येतंय, त्याबद्दल

सोलापूर

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुमचा कुत्रा मोत्या अकरा वर्षांचा झाला, हाक मारली तरी बघत नाही, हट्टी झालाय असं घरचे म्हणतात. पण तूच लिहिलंयस की दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम सुरू झालं की पलंगाखाली शिरणारा मोत्या यंदा जानेवारीत खुशाल झोपून राहिला. भीती मोडली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र ती बहिरेपणाची पहिली खूण वाटते.

म्हातारपणी आतल्या कानातल्या नाजूक पेशी झिजतात. त्या पुन्हा येत नाहीत, त्यावर औषध नाही. बारीक, उंच आवाज बहुधा आधी जातात, म्हणून शिट्टीला किंवा मुलांच्या हाकेला तो बघत नाही आणि वडिलांच्या जाड आवाजाला वळतो. मग ‘याला सोयीचं तेवढं ऐकू येतं’ म्हणून ओरडा बसतो. तो आधी थांबव.

पशुवैद्याकडून दोन्ही कान आतून तपासून घे. मळाचा बोळा, बुरशी, जंतुसंसर्ग यांनीही ऐकू कमी येतं, आणि ते बरं होण्यासारखं असतं. कानाला वास येत असेल, डोकं झटकत असेल तर हीच शंका धर. कापसाची काडी आत घालू नकोस, मळ आणखी आत जातो. घरात पडून असलेले कानाचे जुने थेंबही नकोत. पडदा फाटलेला असला तर जेंटामायसिनसारखं औषध आतल्या कानालाच इजा करू शकतं.

घरी पारख करायची तर एकानं समोर बसून त्याला गुंतवावं आणि तू सात-आठ फूट मागं उभं राहावंस. पंखा बंद. किल्ल्यांचा जुडगा, शिट्टी, स्टीलच्या पेल्यावर चमचा असे आवाज दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं कर. टाळी जवळून वाजवलीस तर वारा लागून तो वळेल आणि तुझी फसगत होईल. नजर कानांवर ठेव, नुसता कान हलला तरी ऐकू आलं. आवाज एकीकडून आला आणि तो भलतीकडेच शोधू लागला, तर एक कान जास्त गेलाय.

अजून थोडं ऐकू येतंय तोवरच हाताच्या खुणा शिकव. सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. क्रम चुकवू नकोस: आधी खूण, एक क्षण थांबून शब्द, त्यानं केलं की लगेच खाऊ. खूण आणि शब्द एकदमच दिलेस तर तो जुन्या शब्दावरच चालतो, खूण शिकत नाही. काही दिवसांनी मधला वेळ वाढव. शब्दाआधीच तो वागला की खाऊ दुप्पट. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं पुरे. चारच खुणा घे: ये, थांब, बस, शाबास. ‘ये’ला हात बाजूनं छातीकडे मोठा ओढ, ‘शाबास’ला अंगठा वर. घरातल्या सगळ्यांनी तीच खूण करायची. उजेड तुझ्या तोंडावर पडू दे. खिडकी पाठीमागं असली तर त्याला तुझी नुसती काळी आकृती दिसते, हात दिसत नाही. मागचे पाय दुखत असतील तर ‘बस’ सोडून दे.

खाऊ म्हणजे हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा, किंवा कोरडी भाकरी. शेंगाचटणी लावलेली नको, त्यात लसूण असतो. द्राक्षं, बेदाणे तर मुळीच नकोत, कुत्र्याची किडनी जाऊ शकते.

झोपेतून उठवताना घरात चावण्याचे प्रसंग घडतात. तो राग नसतो, दचकणं असतं. नाकाशी हात धर, वास लागू दे, मग खांद्याला हलका स्पर्श कर आणि खाऊ दे. दर वेळी तोच खांदा. शहाबादी फरशीवर पाय आपटून उपयोग नाही, दगडातून हादरा फारसा जात नाही. त्यापेक्षा दोन बाय तीन फुटांच्या प्लायवुडवर जुनी सोलापुरी चादर एकच घडी करून अंथर आणि फळीचं टोक अर्धा फूट बाहेर ठेव. त्या टोकावर बोटं वाजवली की हादरा त्याच्या अंगापर्यंत पोचतो. लहान मुलांना झोपलेल्या मोत्याला मिठी मारू देऊ नकोस.

बाहेर पट्टा सुटता कामा नये, जुळे सोलापूरच्या रिकाम्या प्लॉटवरसुद्धा. मे महिन्यात कुत्री सावलीसाठी गाडीखाली जातात. ऐकणारा कुत्रा इंजिन सुरू होताच निघतो, मोत्याला ते कळणार नाही. गाडी काढण्याआधी रोज वाकून बघ. गळ्यात एक घुंगरू बांध, त्याच्यासाठी नव्हे, तो कुठं आहे हे तुला कळावं म्हणून. घुंगराशेजारी एका पट्टीवर ‘ऐकू येत नाही’ आणि फोन नंबर लिही. गळ्यात थरथरून खूण देणारा पट्टा सावकाश, खाऊच्या जोडीनं शिकवला तर चालतो. शॉक देणारा घरात आणू नकोस.

रात्री भुंकत राहिला तर बोळात मंद दिवा ठेव. मान एकीकडे कलली, तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

या आठवड्यात कान दाखवून आण आणि डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर लिही. पुढच्या खुणा त्यावरून ठरवू.

कळावे.