आजीचा लेप आणि डॉक्टरांची ट्यूब

प्रश्न : माझं वय २४. मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांनी सकाळी २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रात्री ०.१ टक्के ॲडापलीन जेल दिलंय. दुपारी आजी हळद, जायफळ आणि लिंबाचा लेप लावते. टी ट्रीचं तेलही आणलंय. आता चेहरा लाल झालाय, सालं निघताहेत. चार महिन्यांवर लग्न आहे. दोन्ही उपचार एकत्र चालतात का?

उत्तर : चालू शकतात, पण तू करतेस तसे नाहीत. आधी लिंबू बंद कर, आणि कायमचं. ॲडापलीनने सुरुवातीचे काही आठवडे त्वचा कोरडी, हळवी होतेच. त्यावर लिंबासारखं आम्ल चोळलं तर ती जळणारच. जायफळ सहाणेवर कितीही उगाळलं तरी बारीक कणी उरते. बोटाला ती कळत नाही, सोललेल्या गालाला बरोबर कळते.

झाडपाल्याचं म्हणजे निरुपद्रवी, हे मला अजिबात पटत नाही. निरुपयोगी म्हणणंही चूकच. ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात ५ टक्के टी ट्री तेल आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, दोन्हींनी मुरुमं कमी झाली. तेलाचा गुण उशिरा आला, पण त्वचेला त्रास मात्र पेरॉक्साइडपेक्षा कमी झाला. पण ते ५ टक्के होतं, आणि तुझ्या बाटलीत बहुधा निव्वळ तेल असेल. ते थेट लावायचं नाही. शिवाय उघडी राहिलेली जुनी बाटली हवेने बिघडते आणि अशा तेलाची ॲलर्जी लवकर येते.

आता दोन-तीन आठवडे लेप, तेल सगळं थांबव. चेहरा शांत होईपर्यंत दोन्ही जेलही बंद ठेव, फक्त साधं मॉइश्चरायझर लाव, आणि तुझ्या डॉक्टरांना कळव. मग त्यांना विचारून ॲडापलीन एक रात्रीआड सुरू कर : कोरड्या चेहऱ्यावर, मटाराच्या दाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला मिळून. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, म्हणजे लग्नाआधी वेळ आहे. त्वचा स्थिरावली की आजींना नुसत्या हळद-दह्याचा लेप आठवड्यातून एकदा लावू दे, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघ. त्या रात्री ॲडापलीन नको.

पार्लरमधली लेबल नसलेली ‘आयुर्वेदिक’ डबी मात्र कुणी दिली तरी घेऊ नकोस. अशा क्रीममध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. चेहरा आठवड्यात उजळतो, आणि सोडलं की मुरुमं दुपटीने उसळतात.

आणि लग्नानंतर बाळाचा विचार सुरू झाला, की ॲडापलीन आधी बंद करायचं.